सरुबाईची वेळ

याकोबआबा अमोलिक तीस वर्षं लोणावळ्याच्या यार्डात सांधेवाले होते. घाट चढून आलेली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते त्यांच्या हातात, आणि त्या हाताने कधी अर्ध्या मिनिटाचा उशीर केला नाही. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी 'काय झालं' हे विचारायच्या आधी 'किती वाजता' हे विचारलं, असं त्यांची बायको रूथबाई जन्मभर सांगत असे. असा माणूस म्हातारपणी घड्याळाविरुद्ध बंड करील, हे कुणी सांगितलं असतं तर स्टेशनातले हमालसुद्धा हसले असते.

रूथबाई वारली, मुलगी तळेगावला सासरी गेली, तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीने आबांना देवळामागची खोली दिली आणि रविवारच्या उपासनेची घंटा त्यांच्याकडे सोपवली. घंटेला दोर नव्हता. आबांनी अंबाडीचा दोर स्वतः वळून आणला. रविवारी दहाला घंटा आणि घंटेनंतर पहिलं गीत, हा आमच्याकडचा रिवाज. घंटेशिवाय तोंड उघडायचं नाही.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारने सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलली. स्टेशन 'नव्या टाइमा'वर गेलं, त्यामागोमाग शाळा-कचेऱ्या गेल्या आणि आमचं देऊळही गेलं. वाकसईच्या पलीकडच्या वाडीतली गुरं तेवढी गेली नाहीत. त्या वाडीतून सरुबाई, बयाबाई आणि शालूबाई अशा तिघी दर रविवारी दोन कोस चालत उपासनेला येत. दव उतरलं की गुरं सोडायची, गोठा झाडायचा, भाकऱ्या थापायच्या आणि निघायचं. वाडीत घड्याळ नव्हतं. सूर्याला सरकारी हुकूम पोचलेला नव्हता.

नव्या टाइमाच्या पहिल्या रविवारी त्या पोचल्या तेव्हा लोक वहाणा घालत होते. सरुबाईने आठवडाभर रोज मूठ-मूठ बाजूला काढलेले तांदूळ देवाच्या वेदीपुढे ठेवले, रिकाम्या बाकांकडे एकदा पाहिलं आणि तिघी आल्या वाटेने परत गेल्या. आबा दोर धरून उभे होते.

पुढच्या रविवारी दहा वाजले आणि घंटा झाली नाही. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. पंचवीस माणसं गीतांची पुस्तकं उघडून बसलेली. पंच कमिटीचे सेक्रेटरी चिंतामणराव भालेराव कचेरीत हेडक्लार्क होते. ते घड्याळ हातात घेऊन बाहेर आले. आबा फाटकाकडे डोळे लावून बसले होते.

"आबा, वेळ ही देवाची ठेव आहे," चिंतामणराव म्हणाले. "पंचवीस माणसांचा तास आपण वाया घालवतो आहोत. त्याचा जाब द्यावा लागेल."

"द्यावा लागंलच की," आबा म्हणाले. "पर तितं वर कोन इचारनार हाय, किती वाचवला म्हनून? कुनाला दिला, ते इचारतील. तुमी काय सांगनार, चिंतामणराव? खिशात ठेवला व्हता म्हनून?"

"उशिरा येणाऱ्यांचे लाड करायचे का?"

"सरुबाई तुमच्या आदी तीन तास उठलीया. उशीर कुनाला झाला, ते तुमीच बगा."

तेवढ्यात तिघी फाटक ओलांडताना दिसल्या आणि घंटा झाली. चिंतामणराव घड्याळ खिशात घालून आत गेले.

चिंतामणराव वाईट माणूस नव्हते. दोघा-चौघांना उपासनेनंतर ड्युटीवर जायचं असे, त्यांची ओरड खरी होती. कमिटी बसली. महिनाअखेरीपर्यंत नव्या टाइमाने घंटा वाजवावी, नाहीतर खोली सोडावी, असा ठराव झाला. आबांनी महिनाअखेरीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रंक डोक्यावर आणि अंबाडीचा दोर कमरेला गुंडाळून ते निघाले. खोली मंडळीची, दोर माझा, एवढंच म्हणाले. सरुबाईच्या ओसरीवर त्यांनी बिऱ्हाड केलं.

नव्या दोरासाठी कमिटीने पुण्याच्या मुख्य कचेरीकडे अर्ज केला. मंजुरी जुन्या टाइमाने येईना, नव्यानेही येईना. एक रविवार बिनघंटेचा झाला, तेव्हा निम्मी माणसं आलीच नाहीत. कुणाच्या घरी जुना टाइम, कुणाच्या घरी नवा. जो तो आपल्या घड्याळावर रुसलेला. त्याच्या पुढच्या रविवारी आमचे पाळक, जे आजवर देव आणि कमिटी यांच्यामध्ये गप्प बसून होते, ते पायरीवर येऊन बसले आणि घंटा झाल्याशिवाय मी आत जात नाही म्हणाले. ड्युटीवाल्यांसाठी त्यांनी शनिवारी संध्याकाळची उपासना सुरू केली. इतकं सोपं होतं ते. पण ठराव करण्याच्या गडबडीत कुणाला सुचलं नव्हतं.

कमिटीने जुन्या टाइमाची घंटा मान्य केली, पण आबा वाडीतच राहिले. मग तीन वर्षं दर रविवारी वाडीच्या वाटेने तिघींऐवजी चौघे येत. आबा कमरेचा दोर सोडून घंटेला बांधत, वाजवत, पुन्हा सोडून कमरेला गुंडाळत. वाटेत ते शालूबाईला अक्षरं ओळखायला शिकवत. 'रिकाम्या हातानं चालू ने, तसं रिकाम्या तोंडानंबी चालू ने,' असं त्यांचं म्हणणं.

लढाई संपली आणि सरकारने काटे मागे घेतले. चिंतामणराव टांगा करून वाडीवर गेले. सरुबाईने त्यांना घोंगडी अंथरून दिली, चहा दिला. चिंतामणरावांनी सरळ सांगितलं की आता वेळेचा तंटा उरला नाही, खोली मोकळी आहे, आबांनी झालं-गेलं विसरून परत यावं.

"येतो की," आबा म्हणाले. "पर कमिटीत सरुबाईला बसवा. घंटेची येळ पुन्यांदा हलवायची झाली, तर तिला इचारून हलवा."

चिंतामणरावांनी बशी खाली ठेवली. बाई कमिटीत, आणि तीही वाडीतली. विचार करायला वेळ लागेल, असं ते म्हणाले.

"घ्या की," आबा म्हणाले. "रविवारपातुर घ्या. पर घंटेच्या आदी सांगा."