आखूड पाय

तिळाच्या तेलात लसूण कढू लागली की ठाकुर्लीच्या त्या हाडवैद्याची अंधारी खोली आठवते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. बाहेर पॉवरहाऊस घुमत होतं. मनगट लचकलेलं माझं, आणि तो मेला वैद्य टक लावून बघत होता माझ्या वडिलांकडे. त्यांना चटईवर निजवून त्याने टाचा हलकेच ओढल्या. "बघा मास्तर, डावा पाय आखूड आहे. दर गुरुवारी या, नाहीतर पांगळे व्हाल." "मला तर कधी जाणवलं नाही," वडील हसत म्हणाले. पण परतताना रुळांकाठच्या खडीवर त्यांची डावी चप्पल फरफटल्याचा आवाज मला आला. पुढे त्यांनी एकही गुरुवार चुकवला नाही आणि ती फरफट काही थांबली नाही. ते गेले, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्या पायांचे अंगठे बांधले. मी वाकून पाहिलं. दोन्ही टाचा अगदी बरोबरीत होत्या.