झीरो रिजेक्शनचा हिरो

हे मी अजून कुणालाच सांगितलं नाहीये. नाझियाला तर नाहीच. टाइप करतोय, खोडतोय, परत टाइप करतोय — जाऊ दे, सांगतोच.

गोष्टीतला हिरो एकदम चांगला असला, एकही डाग नसलेला, तर तो बनावट वाटतो का? मी ठासून ‘हो’ म्हणायचो. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे मी. आमच्याकडे अख्खा लॉट ओके आला, एकही पीस रिजेक्ट नाही, की सुपरवायझर म्हणतो, परत चेक कर, कुणीतरी न बघता पास केलंय. तेच मी नाटकाच्या ग्रुपमध्ये लावलं.

स्पर्धेसाठी एकांकिका हवी होती. एक मी लिहिली, एक ग्रुपमधल्याच नाझियानं. तिचा हिरो गॅरेजवाला — सरळसरळ तिचे अब्बू, तळवड्यात गॅरेज आहे त्यांचं. गाडी देऊन झाल्यावर त्याच्या लक्षात येतं, ब्रेकचं काम नीट झालेलं नाही. मग तो पिंपळे सौदागरला गिऱ्हाइकाच्या सोसायटीपर्यंत जातो आणि गेटबाहेर एकच वाक्य पुटपुटत राहतो — साहेब, माझी चूक झाली. परत फिरतो. परत येतो.

ते गेटबाहेरचं पान मी दोनदा वाचलं, राव. आणि मी काय बोललो?

"अगं, हा झीरो रिजेक्शनचा लॉट आहे. परत चेक कर."

सगळे हसले. तीपण.

का बोललो? माझा हिरो दारू प्यायचा, शिव्या द्यायचा, बायकोशी खोटं बोलायचा — डाग भरपूर, जीव नाही. तिच्या हिरोला चांगलं वागणं जड जात होतं, तरी तो वागत होता. जीव तिथंच होता ना? मला दिसलं होतं ते. जळलो.

तिनं बदललं. आता गॅरेजवाला जुना ब्रेक पॅड घासून नवा म्हणून बसवतो. ग्रुपनं तीच एकांकिका केली. अब्बू इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

प्रयोगानंतर त्यांनी आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. मग हळूच विचारलं, "नाझिया, मी कधी कुणाला जुना पॅड लावला का गं?"

"नाही अब्बू. नाटकात तसं लागतं." तिनं माझ्याकडे बघितलं.

"हो चाचा," मी म्हणालो, "लागतं."

परवा गाडी घेऊन गेलो होतो त्यांच्याकडे. आता ते नव्या पॅडचं पाकीट गिऱ्हाइकासमोरच फोडतात, जुना पॅड त्याच्या हातात देतात. आधी असं करत नव्हते. माझ्याही हातात दिला. वाक्य पाठ करूनच गेलो होतो — चाचा, नाटकात तसं लागत नाही.

पॅड खिशात टाकला. गाडीला किक मारली.