आईचं उलटं सुस्वागतम

भूतबित, करणी, अंगात येणं... यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. धम्म घेतला तेव्हाच आमच्या माहेरचा देव्हारा उठला, त्याच्यासोबत अंगारे-धुपारेही गेले. तरी भिलाईच्या आमच्या बैठकीच्या खोलीत जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

पोलादाचा कारखाना उभा होत होता तेव्हाची गोष्ट. आमचे हे फिटर. सेक्टरात नवं कोरं क्वार्टर मिळालेलं, चुन्याचा वास अजून गेला नव्हता. दारातून आत आलं की बैठकीची समोरची भिंत आधी दिसायची, आणि तिच्यावर काय लावायचं यावरून आमचे रोज खटके.

माझी आई भंडाऱ्याकडची. अक्षराची ओळख नाही, पण सुईत हात असा की बायका दुरून बघायला यायच्या. माझ्या लग्नात तिनं दुसुतीच्या कापडावर दोन मोर भरून, काचेच्या फ्रेममध्ये बसवून दिले, खाली ‘सुस्वागतम’. गावातल्या मास्तरीणबाईंनी अक्षरं पातळ कागदावर काढून दिली होती. आईनं तो कागद कापडावर पालथा ठेवला — झालं, सगळी अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी उमटली. तिला काय कळणार? तशीच भरली बिचारीनं, एक टाका न चुकता. तिला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

हे दुर्गच्या बाजारातून छापील चित्र घेऊन आले. बर्फाचे डोंगर, तळं, तळ्यात हंस. ते बैठकीत गेलं, आणि आईचे मोर स्वयंपाकघरात, सिगडीच्या वर.

“फोरमनसाहेब चहाले येऊन राहिले रविवारी,” हे म्हणाले. “उलटं लिवलेलं कावून टांगायचं? लोकं हासतीन.”

नेमकी त्याच रविवारी सकाळी आई आली, लेकीचं क्वार्टर पहिल्यांदाच बघायला. बैठकीतला हंस बघितला, मग आत येऊन आपले मोर बघितले. पदरानं काचेवरची काजळी पुसली.

“इथं बी बरं दिसते, बाई,” एवढंच बोलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच बैठकीत गेले, हंस खाली उतरवला आणि मोर लावले. अक्षरं उलटीच होती, खिळ्याला अडकवताना मी नीट बघितलंय. ह्यांनी तोंड उघडलं तशी म्हटलं, “हासले त मी पाहीन त्याईच्याकडं. तुम्ही चहा आना फक्त.”

संध्याकाळी फोरमनसाहेब आले, सोबत त्यांची बायको. नागपूरच्या, शिकलेल्या बाई. दारातच थबकल्या. ह्यांनी मान खाली घातली. आणि बाईंनी मोठ्यानं वाचलं, “सुस्वागतम. वा, काय सुरेख अक्षर आहे. कोणी भरलं?”

मी वळून बघितलं. अक्षरं सरळ होती... डावीकडून उजवीकडे, चक्क सरळ. हे भिंतीजवळ जाऊन काचेवरून एकेका अक्षरावर बोट फिरवायला लागले.

“माझ्या आईनं,” मी म्हटलं, आणि आतून आईचा हात धरून तिला बाहेर आणलं. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी जिंकले, बाई. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

पाहुणे गेल्यावर ह्यांनी फ्रेम खोलली. मीच गुपचूप कापड पालटून बसवलं असेल, अशी ह्यांना शंका. पण गाठी मागच्याच बाजूला होत्या, जिथं असायला पाहिजेत तिथंच. आमच्या दोघांना एकदम भ्रम झाला म्हणावं, तर आज स्मृती नगरातल्या आमच्या नव्या घरात नातवंडंही ते सरळच वाचतात. इंजिनीअर झालेल्या मुलानंही डोकं लावून पाहिलं, मग नाद सोडला.

त्या संध्याकाळी न राहवून मी आईला सगळं सांगितलं, की तुझी अक्षरं उलटी होती, आज आपोआप सरळ झाली. मला वाटलं, घाबरेल. तर ती माझ्यावरच उखडली.

“उलटी कवा होती वं? म्या त सरळच भरली होती. तुमालेच वाचता येत नोतं.”