गदा डाव्या हातात

गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात गुंडूतात्या पोतदारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, एक ऐरण आणि एक खिडकी. तात्या टाक करत. देवघरात पूजेला असतात ते, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, दोन बोटांच्या चिमटीत मावणारे देव. लग्न झालं, भाऊ वेगळे झाले, नवं घर बांधलं की माणसं टाक करून घेतात. मग रोज पाण्यानं, सणावाराला चिंचेनं घासून घासून तीस-चाळीस वर्षांत देवाचा चेहरा पार घालवतात. भक्तीचा परिणाम इतका स्पष्ट दुसरीकडे कुठं दिसत नाही. असा झिजलेला टाक तात्यांकडे येई. त्याच चांदीत नवा करायचा हा रिवाज. आणि नवा करायचा तर आधीचा कोण होता ते कळायला पाहिजे.

इथं तात्यांचा शब्द चाले. गिऱ्हाईक ओट्यावर टेकून आपल्या कुलदैवताचं नाव घ्यायला लागलं की तात्या हात वर करत. “तुम्ही सांगू नका. मी सांगतो.” मग टाक खिडकीच्या उजेडात तिरपा धरत. चेहऱ्याकडे ते बघतच नसत. तोंडं सगळ्या देवांची सारखीच, ओळख पटते ती हातांनी, असं त्यांचं म्हणणं. आठ हात आणि पायाशी रेडा असला तर तुळजापूर. घोडा, कुत्रा आणि मागं बसलेली बायको असली तर खंडोबा. घोड्यावर एकटाच असला तर जोतिबा. आणि चार हातांची उभी बाई असली, तर मात्र तात्या जरा सावरून बसत, कारण आता गावच्या मालकिणीचा विषय निघाला.

ते सांगत त्याप्रमाणे अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात म्हाळुंगाचं फळ, उजव्या वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल आणि डाव्या खालच्या हातात पानपात्र. मस्तकावर नाग, मागं सिंह. यातलं बहुतेकांनी काही पाहिलेलं नसतं, कारण देवी साडीत आणि दागिन्यांत असते, आणि रांगेत मागचा माणूस पुढच्याला उभं राहू देत नाही. ती विष्णूची बायको की शिवाची शक्ती, यावर गावात जुना वाद आहे. हातात कमळ नाही, नाणी नाहीत, शेजारी हत्ती नाहीत, तेव्हा कॅलेंडरवरची लक्ष्मी ती नव्हे, असं एक बाजू म्हणते. मग तिरुपतीहून दरवर्षी शालू कोणाला येतो, असं दुसरी विचारते. भृगूनं नवऱ्याला लाथ मारली आणि नवऱ्यानं उलट त्याचेच पाय चेपले, म्हणून रुसून ती इथं आली ना? देवी दोन्ही बाजूंचा नैवेद्य घेते. तिनं कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्यानं गावाला आपलं नाव मागून घेतलं, हे मात्र दोघांना मान्य आहे. मारणारीचं सोडून मेलेल्याचं नाव लावणारं गाव एकूण वाद घालायला चांगलं.

एका प्रवचनकारांनी तात्यांना त्या चार वस्तूंचा अर्थही सांगितला होता. म्हाळुंग म्हणजे केलेल्या कर्माचं फळ. गदा म्हणजे करणं, ढाल म्हणजे जाणणं. पानपात्र म्हणजे या सगळ्याच्या पलीकडचं काहीतरी. ते आपल्याला नीट समजलेलं नाही, हे तात्या मोकळेपणानं कबूल करत. कबूल न केलेली एक गोष्ट मात्र त्यांच्या लाकडी पेटीत तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

टाक ठशावर करतात. पितळेत देव खोल कोरायचा, त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिसं ठेवून ठोकायचं. पत्रा खड्ड्यात बसतो आणि देव उठून येतो. उठताना तो उजव्याचा डावा होतो, म्हणून ठसा उलटा कोरावा लागतो. तात्यांचे वडील चित्र आरशासमोर धरत आणि आरशात दिसेल तसं कोरत. मुलाला त्यांनी शेवटपर्यंत एकच बजावलं होतं, की उलटं करायला विसरू नको. १९६३ साली ते गेले, त्याच वर्षी त्यांचा अंबाबाईचा ठसा तडकला आणि गुंडू पोतदारानं आयुष्यातला पहिला ठसा स्वतःच्या जबाबदारीवर कोरला. तो विसरला नाही. त्यानं पातळ कागदावर चित्र उतरवून कागद पालथा घातला आणि मग, वडिलांची आठवण ठेवून, तो पालथा कागद आरशासमोर धरला. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं, हे हिशेबात आलं नाही. ठसा सुलटा कोरला गेला, टाक उलटे उठले. गदा डाव्या हातात गेली आणि कर्माचं फळही डावीकडं.

सहा वर्षं कोणाला कळलं नाही. टाक एवढासा, वर हळदी-कुंकू. कळलं ते शालूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. देव पुसताना त्यांनी विचारलं, की हिची गदा डावीकडं कशी? तात्यांनी सांगितलं, तू उलट्या बाजूनं बघतीयस. संध्याकाळी स्वतः टाक घेऊन बसले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा ठसा कोरायला घेतला, जुना फडक्यात गेला. शालूबाई बाहेर कुठं बोलल्या नाहीत. घरात मात्र तात्यांनी काही ठासून सांगितलं की त्या म्हणत, “व्हय, मीच उलट्या बाजूनं बघतीया.” हे तीस वर्षं चाललं.

१९९८च्या दिवाळीनंतर अवंतिका आली. विद्यापीठात मूर्तिशास्त्रावर प्रबंध लिहीत होती, वडील प्राध्यापक, बोलणं पुस्तकी पण चालणं दांडगं. गावोगाव हिंडून तिनं लोकांच्या देवघरातले टाक पाहिले होते, आणि ते पोतदारांच्या घरचे असल्याचं दोन-तीन ठिकाणी ऐकलं होतं. तिनं ओट्यावर एकतीस फोटो मांडले. एकतीसही देवींची गदा डाव्या हातात. आजरा, गडहिंग्लज, मधली खेडी. शिरोळकडं एकही नाही. मग तिनं नकाशा काढला. त्यावर लाल ठिपके होते आणि ते एका ओळीत वाकत वाकत दक्षिणेकडं जात होते. सीमेपलीकडून आलेल्या एखाद्या लुप्त पंथाचा हा मार्ग असावा, असं तिला वाटत होतं. आयुधांची जागा बदलली की मूर्तीचं नाव बदलतं, विष्णूची चोवीस नावं तशीच झाली आहेत, तेव्हा ही देवीही वेगळी असणार.

तात्यांनी नकाशा खिडकीकडं धरला. ती त्यांची एसटी होती. तरुणपणी टाकांची पिशवी घेऊन ते त्या बाजूचे आठवड्याचे बाजार करत. जिथं गाडी थांबायची तिथं ठिपका होता. जिथं एकदा गाडी बंद पडली होती तिथंही दोन होते.

“तात्या, तुमच्या घराण्यात ही परंपरा कुठून आली असेल?” तिनं विचारलं.

“अभ्यास चांगला हाय,” तात्या म्हणाले. नकाशाची घडी घालून त्यांनी तो परत दिला.

ती पुढं चार महिने येत राहिली. तिचं ते प्रकरण साठ पानांचं झालं, वैशाखात एका परिषदेत वाचायचं ठरलं. तात्या चहा सांगत आणि गप्प बसत. सांगावं तर पस्तीस वर्षं ‘तुम्ही सांगू नका, मी सांगतो’ म्हणणाऱ्या माणसाला पहिलीच देवी उलटी झाली, हे गुजरीत कळणार. मग पुढच्या झिजलेल्या टाकावर त्याचा शब्द कोण घेणार? शिवाय तिकडं एकतीस घरांत, आणि न मोजलेल्या कितीतरी, बायका रोज सकाळी ज्या देवीला हात जोडतात तिच्यात खोट आहे, हे आपण कुठल्या तोंडानं सांगायचं? न सांगावं तर या पोरीचा प्रबंध आपल्या आरशावर उभा.

मार्चमध्ये गडहिंग्लजच्या पलीकडच्या खेड्यातून यल्लव्वा आली. साठीची, डोळ्यांत मोतीबिंदू, बरोबर कोणी नाही. कमरेच्या पिशवीतून टाक काढला. चेहरा गेलेला, कडेला चीर पडलेली. लग्नानंतर वेगळं मांडलं तेव्हा सासूनं बाजारात घेऊन दिला होता, म्हणाली, एका पोरसवद्या सोनाराकडनं. तात्यांनी टाक हातात घेतला आणि खिडकीकडं नेण्याची गरज पडली नाही. आठ दिवसांनी या, म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी चांदी वितळवली, पत्रा काढला आणि बराच विचार करून चांगल्या ठशावर ठोकला. एक तरी दुरुस्त झाली, असं त्यांना वाटलं. गदा आपल्या जागी उजव्या हातात आली.

आठ दिवसांनी यल्लव्वा आली तेव्हा अवंतिका ओट्यावर बसून प्रकरणातली पानं वाचून दाखवत होती. यल्लव्वानं नवा टाक घेतला, डोळे मिटले आणि त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग टाक ओट्यावर ठेवला.

“ही आमची न्हवं, अण्णा.”

“आक्का, चांदी तुमचीच हाय. शब्द देतो.”

“चांदी आसंल की. बाई दुसरी हाय.” तिनं तात्यांचा हात धरून त्यांचंच बोट टाकावर ठेवलं. “तेहतीस वर्सं पुसतोय मी हिला. हितं, ह्या अंगाला माझा अंगठा अडायचा. उभी काठी. ती तिकडं कशी गेली?”

तोंड गेलं होतं, पण गदा राहिली होती. हात बघायचे, हे तात्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं, आणि डोळ्यानं अधू बाईनं ते ऐकलेलं नसताना केलं.

अवंतिकाचं वाचन थांबलं होतं. तिनं नवा टाक उचलून बघितला, मग पिशवीतून फोटो काढून शेजारी धरला. तात्या उठले, पेटी उघडली, वरची हत्यारं एकेक करून बाहेर ठेवली आणि तळातलं फडकं तिच्यासमोर सोडलं. कागद, आरसा, वडील, तडकलेला ठसा, सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. नकाशाबद्दल म्हणाले, की ती गडहिंग्लजची गाडी होती. दोन ठिपके बंद पडलेल्या गाडीचे.

तिनं ठसा उचलून खिडकीकडं धरला. ठशातल्या देवीची गदा उजव्या हातात होती. पितळेत ती अगदी बरोबर होती.

“तात्या, चार महिने मी येतेय. आधी का नाही सांगितलंत?”

“परंपरा कुठनं आली असं तू विचारलंस. चूक कुठनं आली असं न्हाय विचारलं.” मग स्वतःलाच ते पटलं नसावं. म्हणाले, “भ्यालो, पोरी.”

यल्लव्वाला पंथ, प्रबंध यातलं काही कळलं नव्हतं. एक शब्द तेवढा तिनं पकडला होता.

“म्हंजे माझी देवी चुकीची व्हय?”

तात्यांनी नवा टाक अवंतिकाच्या पुढ्यातून उचलला.

“देवी बरोबर हाय, आक्का. हात माझा चुकला.”

“मग हाताचं तुमचं तुम्ही बघा,” यल्लव्वा म्हणाली. “मला माझी द्या. तीनची गाडी हाय.”

तात्यांनी नवा टाक पुन्हा वितळवला. तीस वर्षांनी जुना ठसा ऐरणीशेजारी मांडला, पत्रा ठेवला, शिसं ठेवलं. अवंतिका बघत होती. पहिल्यांदाच ती काही लिहून घेत नव्हती. टाक उठला, तात्यांनी कडा दुमडल्या, चिंचेनं घासून यल्लव्वाच्या हातात दिला. तिनं अंगठा फिरवला, अंगठा अडला. पदराच्या टोकात बांधून ती तीनच्या गाडीला गेली.

मग तात्यांनी अवंतिकाला सांगितलं, की हे लिही, नावासकट आणि सालासकट. तिनं लिहिलं. साठ पानांच्या प्रकरणाची अकरा ओळींची तळटीप झाली, परिषदेत दुसऱ्याच कोणाचा निबंध वाचला गेला, तिच्या मार्गदर्शकांनी महिनाभर बोलणं टाकलं आणि पदवी दीड वर्ष लांबली. पदवीचे पेढे तिनं पहिले शालूबाईंना दिले. त्या म्हणाल्या, आमच्या घरातली अजून तशीच हाय. तात्या बदलून देतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. तिला माझ्याकडं त्या बाजूनं बघायची सवय झालीया.

गुजरीत कळायचं ते कळलं. दोन-तीन दिवस चेष्टा झाली. शेजारच्या दुकानातल्या पिराजीनं विचारलं, तात्या, आमच्या खंडोबाला घोड्याच्या मागं तर बसवलं न्हाय? तात्या म्हणाले, तपासून घे. गिऱ्हाइकं किती तुटली ते त्यांनी मोजलं नाही. आजरा-गडहिंग्लजकडची काही मात्र मुद्दाम येऊ लागली, अंगठा फिरवून घेणारी. त्यांच्यासाठी जुना ठसा आता वरच असे, नव्याच्या शेजारी.

२००३च्या श्रावणात शिरोळकडचा एक शेतकरी आला. टाक इतका झिजलेला, की हात चार आहेत एवढंच कळत होतं. माणूस बोललाच नाही. तात्यांच्या दुकानी आपण होऊन नाव सांगायचं नसतं, असं त्याला कोणीतरी सांगून पाठवलं होतं. तात्यांनी टाक खिडकीच्या उजेडात धरला. तिरपा केला, सरळ केला, अंगठा फिरवला. मग खाली ठेवला.

“पावणं,” ते म्हणाले, “घरात काय म्हणता हिला?”