नागपूर लांब नाही

बिबवेवाडीच्या दत्तोबांनी लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. उल्का लग्न होऊन नागपूरला गेली त्याला नऊ वर्षं झाली. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "नागपूर लांब हाय," आणि दुसऱ्याच गोष्टीकडे वळायचे.

खरं कारण वेगळं होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. लेक जवळच्या गावात दिलेली असली, की बाप सकाळी जाई, ओट्यावर टेकून तिला डोळे भरून बघे आणि कोरड्या तोंडानं सांजेला परते. नागपूरला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, तिथे मुक्काम आला, जेवण आलं. आणि उल्काला मूल नव्हतं.

मग मुलानं, श्रीनिवासनं, विमानाचं तिकीट काढलं.

"रस्त्यानं सातशे किलोमीटर, आप्पा. विमानानं दीड तास. बिबवेवाडीतून विमानतळ गाठायलाच जास्त वेळ जाईल."

थोरली बहीण सरुबाई शेजारीच बसली होती. "मग झालंच की, दत्तू. सकाळी जा, सांजच्याला ये. भाकरी बांधून देते, पाण्याची बाटली भरून देते. लेक बी भेटंल, रीत बी राहील."

दत्तोबांनी मान डोलावली. विमानतळावर तपासणीवाल्यानं बाटली काढून घेतली.

"घरचं पाणी हाय," दत्तोबा म्हणाले.

"असू द्या आजोबा. आत नेता येत नाही."

विमान वर चढलं. दत्तोबांनी खिडकीला कपाळ टेकलं. नऊ वर्षं ज्याला लांब म्हटलं, तो मुलूख खाली उन्हात पसरला होता. नांगरलेली रानं, सुकलेले ओढे, वस्त्या. सगळं मुकाट मागे सरकत होतं. बघता बघता त्यांना स्वतःचाच राग आला.

उल्का दारातच उभी होती. पाया पडली, आत गेली आणि बाटली घेऊन आली.

"दुकानातली आहे, आप्पा. बूच तुम्हीच उघडा. माझ्या घरातलं काही नाही यात."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आणि तेच दत्तोबांना लागलं. लेकीच्या भांगात पांढरे केस दिसत होते. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ होता.

"त्यो माठ कुणासाठी?"

"आमच्यासाठी."

"मग मी कोण हाय?"

उल्का जागची हलली नाही. "आप्पा, आत्या काय म्हणेल?"

"म्हणू दे. तहान मला लागलीय."

ते उठले, माठात तांब्या बुडवला आणि उभ्यानंच प्याले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. दुसरा तांब्या भरला, तोही संपवला. मग भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"मूल होईल न्हाई तर न्हाई. मी तुझ्याकडं आलोय. ताट वाढ."

उल्कानं पदर डोळ्याला लावला आणि वाढायला घेतलं. जेवण अर्ध्यावर आलं तोच सरुबाईचा फोन आला.

"दत्तू, विमानाची वेळ झाली. निघालास का?"

"जेवतोय."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या लेकीच्या."

"रीत मोडलीस."

"मोडली. आणि अजून एक पोळी मागितलीय."

"अरे, मग येणार कधी?"

दत्तोबांनी ताटावरून मान वर केली. उल्का तव्यासमोर पाठमोरी उभी होती.

"ती सोडंल तेव्हा," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.