पंचगंगेत सोडलेली कालवे

करवीरनिवासिनी जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून आणि जलाधिपती वरुणाला वंदन करून हे लिहितो. मंगळवार पेठेतील आमच्या शाळेची यंदाची नवी मुले या पंधरवड्यात पुन्हा कोकणातली खाडी पाहण्यास निघत आहेत. त्यांच्या पालकांना एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. मागील सहलीनंतर ती माझ्या हातून घडली.

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक; अजूनही शाळेत जाऊन मुलांना श्लोक शिकवतो. बरोबर कोणी वडीलधारे असावे म्हणून मला नेले होते. खाडीत बांबूंचे तराफे तरंगत होते आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर कालवे वाढत होती. तिथल्या महिला बचत गटाची प्रमुख, एक प्रौढ स्त्री, गुडघाभर पाण्यात उभी राहून मुलांना शिकवत होती. कालव पाणी गाळते, त्यामुळे खाडी निर्मळ राहते, येथवर मी ऐकले. पुढे बांधावर बसून मी राहिलेला जप पूर्ण केला. शिंपल्यांकडून शिकण्यासारखे मला काही उरले असेल, असे वाटले नाही.

निघताना तिने ओल्या गोणपाटात बांधलेली जिवंत कालवे माझ्यापुढे ठेवली.

"आजोबानू, ह्यां घेवन जावा. पावण्यान रिकाम्या हातान जावचा नसता."

"बाई, मी शाकाहारी."

"मगे शेजाऱ्यांक घाला! कोल्हापूरवाले ह्याचोच तांबडो रस्सो करतीत!"

मुले खदखदून हसली. दिलेले दान परत करणे हा मला अधर्म वाटला, म्हणून गाठोडे घेतले. गगनबावड्याचा घाट चढताना गाडी वळली, की माझ्या पायाशी शिंपले एकमेकांवर घासत. कोरडा, बारीक आवाज. यांना कढईत जाऊ द्यायचे नाही, हे त्या आवाजाने ठरवले. यांना जीवदान द्यावे. जी नदी आपणा सर्वांची माता, ती यांना का दूर लोटील?

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून पंचगंगेच्या घाटावर गेलो. पाण्याखालच्या एका पायरीवर मंत्र म्हणत एकेक कालव ठेवले. शेजारी म्हशी धुणारा गृहस्थ म्हणाला, "काय गुरुजी, शिंपल्यांची मुंज लावली म्हणायची की!" मीही हसलो. त्या दिवशी फार प्रसन्न होतो.

ही हकिकत वर्गात सांगितली, मुलांनी ती घरोघर नेली. पालकांनी ठरवले, की येत्या एकादशीला प्रत्येक घराने अशी कालवे सोडावीत. एकाचा टेम्पो कोकणात जात असे. तो पोतेभर आणणार होता.

कालवे कित्येक दिवस घट्ट मिटलेली राहिली. मग एका सकाळी त्यांचे शिंपले उघडलेले दिसले. तराफ्याखाली पाण्यात मी ती अशीच किंचित उघडी पाहिली होती. ती नांदू लागली, असे मी ज्याला त्याला सांगितले.

ते पाहायला सहावीतील एक मुलगी वडिलांबरोबर आली. तिने पायरीवर बसून पाण्यात हात घातला आणि एका शिंपल्यावर बोट आपटले. मग दुसऱ्यावर.

"आजोबा, ही मिटत न्हाईत."

"पाण्याची सवय झाली असेल, बाळ."

"न्हाय. खाडीवरच्या मावशीनं सांगितलं हुतं की. जित्तं कालव हात लावला की मिटतंय. गोड्या पाण्यात ती जगत न्हाईत. तुम्ही तवा डोळं मिटून बसला हुतासा."

"ए, गुरुजींशी असं बोलत्यात व्हय?" वडील दरडावले.

मी एक शिंपला उचलला. आत पांढुरके, ढिले मांस होते आणि वास सुटला होता. ज्या दिवसांना मी त्यांचा विसावा समजलो, ते सारे दिवस ती माझ्या पवित्र नदीचा एक थेंब आत येऊ नये म्हणून मिटून बसली होती. अखेर बळ संपले.

त्यानंतर सकाळी संध्येला बसलो, की आचमनाची पळी पंचपात्राला लागे आणि घाटातला तो कोरडा आवाज येई. हात थांबे. पाठ असलेला मंत्र पुढे सरत नसे. पळी बदलली, जागा बदलली. आवाज बदलला नाही.

एकादशी जवळ येत होती. नदीने त्यांना वाहून नेले, एवढे म्हटले असते तरी कोणी विचारले नसते. पण मग पोते आले असते, त्यानंतर आणखी पोती, आणि प्रत्येक पायरीवर माझ्याच मंत्राने तेच घडले असते. मुलगी आणि तिचे वडील याविषयी कोणाशी बोलले नव्हते. वर्गात ती नुसती माझ्याकडे पाही.

एकादशीच्या आदल्या दिवशी पालकसभेत, मुलेही बसली असताना, मी उभा राहिलो आणि जसे घडले तसे सांगितले. मग मागून एक माउली म्हणाली, "मग गुरुजी, पुण्याचं काय?"

"ते पुण्य नव्हते, ताई. मी न ऐकता केले. मारले मी त्यांना."

टेम्पोवाल्याने तिथूनच फोन लावून पोते नको म्हणून कळवले. मी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि सतरंजीवर मुलांच्या ओळीत जाऊन बसलो. तिने खाडीचे चित्र काढले. कुठे खारे पाणी येते, कुठे गोडे, मधल्या पाण्यात कालवे का तग धरतात, हे समजावले. एका ठिकाणी मला कळले नाही, तेव्हा मी हात वर केला. "आजोबा, ध्यान द्या की!" ती म्हणाली, आणि तिने ते पुन्हा सांगितले.

वाचकहो, जगदंबा तुमच्या घरात अन्न आणि आरोग्य अखंड ठेवो. तुमच्या लेकरांना वडीलधाऱ्यांपुढे खरे बोलण्याचे बळ देवो, आणि तुमच्या विहिरी, नद्या, खाड्या व त्यांत नांदणारा प्रत्येक जीव आपापल्या पाण्यात सुखी राहो. शुभं भवतु.