चुरी सरांचे अठ्ठाविसावे मानपत्र

बोळिंजच्या नाक्यावरच्या केशकर्तनालयाची पाटी तीन वेळा रंगवली गेली आणि तिन्ही वेळा ती चुरी सरांमुळे. दुकानदाराचे म्हणणे असे की, केस कापायला येणारा माणूस पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ बघत नाही. सरांचे म्हणणे असे की, पाटी केस न कापणारेही वाचतात. शेवटी दुकानदाराने पाटी इंग्रजीत करून घेतली आणि वाद मिटला. सर पुढेही तिथेच केस कापून घेत राहिले. खुर्चीत बसल्यावर फक्त एवढेच म्हणत, "इंग्रजीतही एक अक्षर कमी पडलंय हो."

आत्माराम चुरी मूळचे आगाशीचे. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी. पाने बांधायला वडील रद्दी आणत, त्या रद्दीतून सर वाचायला शिकले आणि वाचता वाचता तिच्यातल्या छपाईच्या चुका काढायलाही शिकले. थोरल्या भावाने वाडी सांभाळली. हे बी.एड. होऊन बोळिंजजवळच्या एका मराठी शाळेत लागले आणि बत्तीस वर्षे मराठी शिकवत राहिले. खिशात दोन पेने असत, निळे आणि लाल. निळे महिनोन्‌महिने चाले, लाल पंधरा दिवसांत संपे.

या लाल पेनाला एकच जागा वर्ज्य होती. यशोदाबाई वसई पूर्वेच्या भातशेतीवाल्या गावातून आलेल्या. त्यांच्या तोंडी 'पानी' आणि 'लोनी' असे. लग्नानंतर आठवडाभरात सरांनी एकदा दुरुस्ती सुचवून पाहिली. त्या दिवशी पाण्याचा तांब्या त्यांना स्वतः उठून घ्यावा लागला. तेव्हापासून शुद्धलेखनाची हद्द शाळेच्या फाटकापर्यंत ठरली.

फाटकाच्या आत मात्र गेली काही वर्षे त्यांची पीछेहाट चालू होती. पूर्वी मुले चुकत, पण चुका त्यांच्या स्वतःच्या असत. एखाद्याच्या चुकीवरून तो नायगावचा की अर्नाळ्याचा हे सर सांगू शकत. आता मूल दोन अक्षरे टाकते, फोन तीन शब्द पुढे करतो आणि मूल त्यातला पहिला उचलते. काही जण तर लिहीतही नाहीत, फोनला सांगतात. आठवीतल्या कल्पेशने 'माझी आई' हा निबंध असाच सांगून, छापून आणला होता. 'माझी आई फार कष्टाळू आहे भेंडी कशी दिली अर्धा किलो दे पण कोवळी दे ती आमच्यासाठी पहाटे उठते.'

"हे काय आहे?" सरांनी विचारले.

"सर, मी बोलत होतो तेवढ्यात खाली भाजीवाला आला. आई मध्येच बोलली."

"आणि तू वाचून नाही पाहिलंस?"

"फोनने खाली लाल रेघ नाय मारली ना, सर. म्हटलं, बरोबर असेल."

सरांनी निबंधाला दहापैकी चार गुण दिले. त्यातले दोन भेंडीच्या वाक्याला होते, कारण अख्ख्या निबंधात तेवढेच खरी आई बोलल्यासारखे होते, असे ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. सगळे हसले. सरही हसले, पण सप्टेंबरअखेर ते निवृत्त व्हायचे होते. बत्तीस वर्षांत आपल्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकाला तरी चार वाक्ये धड लिहिता येतात का, हा प्रश्न त्यांना अलीकडे जेवतानाही पडे.

शाळेचा एक रिवाज होता. निवृत्त होणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र सभेत मोठ्याने वाचायचे आणि काचेच्या चौकटीत घालून द्यायचे. गेली सत्तावीस मानपत्रे चुरी सरांनी लिहिली होती, मुख्याध्यापकांपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत. लिहून झाले की घरी यशोदाबाईंना वाचून दाखवायचे आणि मगच शाळेत द्यायचे. ती ऐकताना सभेत लोक डोळे पुसत. आता अठ्ठाविसाव्याची पाळी आली, तेव्हा मुख्याध्यापिका सुमेधा मॅडम सहज बोलून गेल्या, "सर, तुमचंही तुम्हीच लिहा ना. तुमच्यासारखं दुसरं कोण लिहिणार?"

"मॅडम, स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणायची का?" सर दुखावून म्हणाले. मग त्यांनी अट घातली. मानपत्र विद्यार्थ्यांनी लिहायचे. चुकांसकट चालेल, पण स्वतःचे हवे. तशी सूचनाही फलकावर लागली.

अडतीस मानपत्रे आली. त्यातली छत्तीस फोनने लिहिलेली. छत्तिसांमध्ये सर 'केवळ शिक्षक नव्हे तर एक प्रेरणास्थान' होते. एकात ते 'आदरणीय मॅडम' होते. एकाच्या शेवटी, सहीच्या वर, 'हवे असल्यास मी हे अधिक भावनिक करून देऊ शकतो' असे नम्र वाक्य होते. उरलेली दोन हाताने लिहिलेली. एक प्रणवचे, त्यात चारच ओळी होत्या आणि आपले तोंडी परीक्षेचे गुण भरल्याशिवाय सरांनी निवृत्त होऊ नये अशी विनंती होती. दुसरे नववीतल्या सलोनीचे, वहीचे दोन्ही कडांनी भरलेले एक पान.

सरांनी सलोनीला बोलावले. पान तिच्यापुढे ठेवले. पानावर लालच लाल गोल होते.

"भावना चांगल्या असतील, सलोनी..."

"असतील म्हणजे? सर, तुम्ही वाचलं नाय?"

"वाचलं ना. त्रेचाळीस चुका आहेत."

"पण चुकांसकट चालेल असं फळ्यावर होतं."

"चालेल म्हणजे पाचदहा चालतील. हे सभेत वाचणार, काचेत लागणार. नीट लिहून आण."

सलोनीने पान घडी घालून दप्तरात टाकले. ती नालासोपाऱ्याहून येणारी, वर्गाची सेक्रेटरी, कामे वेळेवर करणारी मुलगी. सरांना काय हवे ते तिला एका भेटीत कळले होते. बाहेर येऊन तिने मैत्रिणीला सांगितले, "सरांना चूक नसलेलं पायजे. बस." आणि चूक नसलेले मराठी शाळेत कुठे मिळते, याचा विचार करत ती थेट कचेरीत गेली.

चार दिवसांनी छापील मानपत्र सरांच्या हातात पडले. सरांनी लाल पेन उघडून वाचायला घेतले आणि पहिल्या परिच्छेदाअखेर ते मिटले. एकही चूक नव्हती. 'ज्ञानदानाच्या या यज्ञात आपण आयुष्याची समिधा वाहिली, परंतु धुराची झळ कुणाला लागू दिली नाही.' काय वाक्य होते! वाचताना पुढचा शब्द त्यांना आधीच सुचत होता. चांगल्या भाषेचे हेच लक्षण, असे ते वर्गात सांगत आले होते. त्यांनी खाली 'उत्तम' असा शेरा मारला. सलोनीच्या पाठीवर थाप मारली. बत्तीस वर्षे फुकट गेली नव्हती.

घरी जाऊन त्यांनी रिवाजाप्रमाणे यशोदाबाईंना वाचून दाखवले. बाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. दुसऱ्या परिच्छेदापाशी त्या हसायला लागल्या.

"हसायला काय झालं?"

"आहो, हे तं स्टॅनी सरांचं."

"काय?"

"ते खेळाचे सर नव्हते का, स्टॅनी सर? त्यांच्या येळेला असंच वाचलेलंत. हे बघा, काय म्हणालात आता? मैदानावरच्या धुळीतून मानसं घडवली. तुमी कधी मैदानात उतरलात? तुमाला तं वाडीतली धूळ पन सहन होत नाय."

सरांनी कागद जवळ धरला, लांब धरला. मैदानावरची धूळ तिथेच होती. 'उत्तम' हा शेराही तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी ते शाळा भरायच्या आधी कचेरीत पोहोचले. लिपिक हेमांगी संगणक सुरू करत होती. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वेळी तिनेच सरांची सगळी जुनी मानपत्रे टाइप करून ठेवली होती. सलोनीलाही बोलावणे गेले.

"हेमांगी, ही चोरी आहे," सर म्हणाले. "मुलं नक्कल करतात हे मी समजू शकतो. तू त्यांना नक्कल पुरवतेस?"

"सर, बसा आधी." हेमांगीने त्यांच्यापुढे पडदा वळवला आणि तीनचार मानपत्रे शेजारी शेजारी उघडली. "स्टॅनी सरांमध्ये यज्ञ आणि समिधा आहे. हे बघा, पाटणकर बाईंमध्ये आहे. शिपाईमामांमध्ये पण आहे. सत्ताविसांपैकी बावीसजणांनी समिधा वाहिली आहे. तुम्ही मला सांगायचात ना, हेमांगी, मधला परिच्छेद तोच ठेव, नाव तेवढं बदल. म्हणून तर माझं टायपिंग पाच मिनिटांत व्हायचं."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. बावीस हा आकडा त्यांनी पडद्यावर बोट ठेवून स्वतः मोजला. बावीसच होते.

"सलोनी," मग ते म्हणाले, "मैदानाचं वाक्य तरी काढायचंस. मी मराठी शिकवतो."

"मला वाटलं ते आलंकारिक असेल, सर. तुम्हीच शिकवलंय, प्रत्येक वाक्याचा सरळ अर्थ घ्यायचा नसतो." ती थांबली नाही. "आणि तुमचंच होतं, म्हणून घेतलं. तुमच्यात तुम्ही चूक कशी काढणार?"

हेमांगी प्रिंटरच्या मागे काहीतरी शोधायला लागली.

"ते हाताने लिहिलेलं कुठे आहे?" सरांनी सलोनीला विचारले.

"दप्तरात आहे. पण त्याच्या पाठीमागे मी फेलिशिया टीचरची गणितं केली."

सरांनी पान घेतले आणि ते शिक्षकांच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. पूर्वी त्यांनी ते पान वाचले होते म्हणजे पेनाचे टोक एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर नेले होते. मधल्या शब्दांवरून त्यांची नजर उडी मारून गेली होती. आता त्यांनी लाल गोलांच्या आतले आणि बाहेरचे, दोन्ही वाचले.

चुका सोडून दिल्या तर त्यात असे होते. आठवीत असताना सलोनीचे घर नायगावहून नालासोपाऱ्याला हलले. आईची नवी नोकरी, धाकटा भाऊ, त्यामुळे ती महिनाभर रोज दहा मिनिटे उशिरा येई. पहिला तास मराठीचा. चौथ्या दिवसापासून सर तासाची पहिली दहा मिनिटे कालचेच शुद्धलेखन पुन्हा घालू लागले. वर्ग कंटाळला. 'मला समजलं की ते माझ्यासाठी आहे. सरांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी पण सरांना सांगितलं नाही.' पुढे होते की, सर चिडले की मुलांकडे न बघता फळ्याकडे बघून ओरडतात, म्हणून कोणाला लागत नाही. आणि एकदा तपासताना सरांची लाल शाई संपली, तेव्हा त्यांनी तिच्या पेनातले रिफिल मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नवे आणून दिले. 'मोठी माणसं लहानांकडून घेतलेलं परत देत नाहीत. सरांनी दिलं.'

रिफिलचे त्यांना आठवत नव्हते. दहा मिनिटांचे आठवत होते. ते कुणाच्या लक्षात आले असेल असे मात्र वाटले नव्हते. सवयीने त्यांनी लाल पेनाचे टोपण काढले, पानावर कुठे जागा आहे का ते पाहिले आणि टोपण परत लावले.

"मॅडम, हेच वाचायचं," त्यांनी सुमेधा मॅडमना सांगितले.

मॅडमनी पान पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर, संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्रेचाळीस चुका!"

"वाचून दाखवायचं आहे ना? ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाहीत."

ते खरे निघाले. सलोनीने पान वाचले, तेव्हा सभागृहात कुणालाही एकही चूक ऐकू आली नाही. फळ्याकडे बघून ओरडण्यापाशी हशा पिकला. दहा मिनिटांपाशी मागच्या रांगेतली कुजबुजही थांबली. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त स्टॅनी सर शेजारच्याला म्हणाले, "माझ्यात हे असं काहीच नव्हतं हो. माझ्यात नुसता धूर होता." चुरी सर व्यासपीठावर खाली मान घालून बसले होते. त्यांनी ते ऐकले की नाही, कळायला मार्ग नाही.

लाल गोलांसकट ते पान काचेत घालून घरी लागले. येणारा-जाणारा त्याच्यापुढे उभा राहतो आणि चुका मोजतो. कुणाला त्रेचाळीस भरतात, कुणाला एकेचाळीस. पूर्ण वाचलेले आतापर्यंत फक्त यशोदाबाईंनी, त्याही बोट लावून, दोन दुपारी घेऊन.

जानेवारीत गणिताच्या फेलिशिया टीचर निवृत्त झाल्या. चुरी सरांना पहिल्या रांगेत, टीचरशेजारी बसवले होते. सुमेधा मॅडमनी आधीच सांगितले होते की, सरांच्या सभेला लोक इतके भारावले होते की तोच नमुना हेमांगीकडून स्वच्छ टाइप करून, चुका दुरुस्त करून ठेवला आहे. मानपत्र एका विद्यार्थ्याने झोकात वाचले. उशिरा येणाऱ्या मुलीसाठी टीचर रोज पहिली दहा मिनिटे कालचीच गणिते घेत. टीचर फळ्याकडे बघून ओरडत. टीचरनी विद्यार्थिनीचे लाल रिफिल घेतले आणि दुसऱ्या दिवशी परत केले. सभागृहात लोकांनी डोळे पुसले.

टाळ्या चालू असताना फेलिशिया टीचर गोंधळून सरांच्या कानाशी वाकल्या. "सर, मी तर आयुष्यभर हिरव्या पेनाने तपासलं. हे रिफिल मी कधी घेतलं?"

चुरी सरांनी टाळ्या थांबवल्या नाहीत.

"घेतलं असेल, टीचर," ते म्हणाले. "मानपत्रात आहे, म्हणजे परतही केलं असणार."